डॉक्टर जोडताना आधी भाषा विचारा

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हल्ली कागदाच्या चिठ्ठीपेक्षा मोबाईलच जास्त पुढे येतात. कुणाकडे उदगीरच्या डॉक्टरांच्या पॅडचा व्हॉट्सॲपवर आलेला फोटो असतो, कुणाकडे हैदराबादच्या मोठ्या दवाखान्याची पीडीएफ, कुणाकडे सरकारी ॲपवरची छापील चिठ्ठी. कुणी नुसताच रिकाम्या स्ट्रिपचा फोटो दाखवतं आणि म्हणतं, ‘हेच द्या ताई.’ कमलनगर हे बीदर जिल्ह्यातलं सीमेवरचं गाव, आता तालुक्याचं ठिकाण. भालकीहून उदगीरला जाणाऱ्या रेल्वेवर आमचं स्टेशन लागतं. माझं माहेर उदगीर, सासर इथलं. दुकानाची पाटी कानडीत, गिऱ्हाइकांशी बोलणं मराठीत, हैदराबादच्या माणसाशी दखनीत. डी. फार्मसी लग्नाआधी झाली होती, तिचा उपयोग इथे आल्यावर झाला.

ऑनलाइन डॉक्टरांबद्दल शहरांतून बरंच लिहिलं जातं. ॲप किती चांगलं, वेळ किती वाचला, फी किती, अशी ती चर्चा असते. आमच्या भागात प्रश्न त्याच्या आधीचा आहे. पडद्यावर जो डॉक्टर येतो त्याला समोरच्या बाईचं बोलणं समजतं का?

फायदा आधी सांगते, कारण तो खरा आहे आणि मी तो रोज बघते. बीपी आणि शुगरचे पेशंट दर महिना-दोन महिन्यांनी डॉक्टरांकडे जायला हवेत. इथून लातूरला जायचं म्हणजे दोन माणसांचा रोज बुडतो, कारण म्हाताऱ्या माणसाला एकटं पाठवत नाहीत. गाडीभाडं, नंबर लागेपर्यंतचा चहा-नाष्टा, तपासणीचे पैसे वेगळे. मग लोक काय करतात? जुन्याच गोळ्या वर्षभर खात राहतात किंवा ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद करतात. आता इथल्या लॅबमध्ये शुगर तपासून रिपोर्टचा फोटो डॉक्टरांना जातो, डॉक्टर फोनवर चार प्रश्न विचारतात, गोळी अर्धी वाढवतात, आणि नवी चिठ्ठी माझ्यापर्यंत येते. जो माणूस पूर्वी वर्षातून एकदा डॉक्टरांना भेटायचा तो आता दोन महिन्यांनी बोलतो. ऊसतोडीला गेलेला मुलगा फडावरून आईच्या डॉक्टरला फोन लावून देतो. हे सगळं चांगलंच झालं आहे.

चिठ्ठी मोबाईलवर असली तरी मी ती कागदासारखीच तपासते. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे का, तारीख ताजी आहे का, पेशंटचं नाव-वय आहे का. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनचे नियम काढले, त्यात हे सगळं स्पष्ट आहे. साध्या ताप-खोकल्याची औषधं डॉक्टर नुसत्या बोलण्यावरही सांगू शकतात. नव्या पेशंटला काही औषधं द्यायची तर व्हिडिओवर बघावं लागतं. जुन्या पेशंटची चालू औषधं पुढे चालू ठेवता येतात. अनुसूची एक्समधली आणि अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधं मात्र फोनवरून लिहून देताच येत नाहीत. त्या नियमांत आणखी एक ओळ आहे, तिची आठवण आता जास्त करून द्यावी लागते. यंत्राने, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने, पेशंटला परस्पर सल्ला देऊ नये, औषध सांगू नये. ‘मोबाईलला विचारलं, त्यानं ही गोळी सांगितली’ म्हणून येणारी तरुण पोरं आता वाढली आहेत. मी त्यांना गोळी देत नाही, डॉक्टरचं नाव विचारते.

हे नियम ज्या दिवसांत आले ते दिवस आमच्या भागाला विसरता येणार नाहीत. देशात कोविडने झालेला पहिला नोंदलेला मृत्यू आमच्या शेजारच्या कलबुर्गीतला, १० मार्च २०२० चा. पंधरा दिवसांत देश बंद झाला. आमच्याकडे बंद होण्याचा अर्थ वेगळा होता. राज्याची हद्द, जी रोज कुणाच्या लक्षातही येत नव्हती, तिच्यावर अडथळे उभे राहिले. डॉक्टर उदगीरला, पेशंट इकडे, मध्ये पोलीस. पुढच्या वर्षीही महाराष्ट्रातून कर्नाटकात यायला आरटीपीसीआरचा रिपोर्ट मागत होते. त्या काळात इथल्या कितीतरी घरांनी आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरांना व्हिडिओवर बघितलं. तेव्हा हे कुणी नवं तंत्रज्ञान म्हणून केलं नाही. रस्ता बंद होता, म्हणून केलं.

आणि तो रस्ता उदगीरकडेच का जातो हे बेंगळुरूत बसलेल्या माणसाला सांगावं लागतं. १९५६ पर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यातलाच तालुका होता. निलंगा, अहमदपूरही. हैदराबाद राज्यातला तो जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ ला फोडला गेला. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले, उदगीर-निलंगा मराठवाड्यासोबत मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात, नारायणखेड-जहिराबाद आंध्रात. कागदावर तीन राज्यं झाली, पण सोयरीक, बाजार, यात्रा आणि दवाखाना यांनी आपापल्या जुन्या वाटा सोडल्या नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे बऱ्याचदा उदगीरला. हाड मोडलं की लातूर. मोठं ऑपरेशन असलं की हैदराबाद. कलबुर्गीच्या आळंद तालुक्यातले लोक उमरग्याला आणि सोलापूरला जातात. हे लोक कर्नाटकावर रुसून जात नाहीत. बोलता येतं तिथे जातात, ओळखीचं माणूस आहे तिथे जातात.

आता सरकारी टेलिमेडिसिनकडे येते. ई-संजीवनी ही केंद्राची सेवा, मोहालीच्या सी-डॅकने बनवलेली. २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, आणि घरबसल्या वापरायचा तिचा भाग १३ एप्रिल २०२० ला आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. गावातल्या उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, सीएचओ, म्हणजे सामुदायिक आरोग्य अधिकारी, बसतात. त्या बीपी-शुगर तपासतात, टॅबलेटवरून वरच्या डॉक्टरांना जोडून देतात आणि डॉक्टरांनी सांगितलेलं औषध तिथेच देतात. योजना म्हणून मला ही पद्धत खाजगी ॲपपेक्षा कितीतरी चांगली वाटते. पेशंटच्या बाजूला एक शिकलेलं माणूस असतं. हात धरून नाडी बघणारं, पापणी खाली ओढून रक्त कमी आहे का पाहणारं कुणीतरी तिथे असतं. पडद्याला ते करता येत नाही, आणि त्या माणसाशिवाय व्हिडिओवरचा सल्ला अर्धाच राहतो.

पण भाषेचं काय होतं ते एका आजीच्या निमित्ताने सांगते. जवळच्या एका गावची, सत्तरीच्या पुढची. आयुष्यभर रोजंदारीवर शेतात राबलेली. कंबर दुखते म्हणून नातवाने तिला व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलायला बसवलं. डॉक्टर तरुण, कानडी बोलणारे, लांबच्या जिल्ह्यात बसलेले. आजीला कानडी बाजारापुरतं येतं. त्यामुळे डॉक्टर नातवाला विचारायचे, नातू आजीला, आजी नातवाला, आणि नातू पुन्हा डॉक्टरांना. नातू अकरावीला. कंबर कधीपासून दुखते, उठता-बसता दुखते का, ताप येतो का, हे सगळं त्याने नीट विचारलं. पोरगं गुणी आहे. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी आणि कॅल्शियम लिहून दिलं. त्यांना जेवढं कळवलं गेलं त्यावर ते बरोबरच होतं.

चिठ्ठी घेऊन दोघं दुकानात आले. मी नातवाला सुट्टे आणायला पाठवलं, कारण आजी काउंटरवर वाकून माझ्याकडे नुसतीच बघत होती. तो बाहेर गेल्याबरोबर ती म्हणाली, “माय, त्यो डागदर काय बोलूलालाय काई कळंना. अन् पोराफुडं कसं सांगू? माझं अंग बाहेर येऊलालंय.” दोन वर्षं ती हे सोसत होती. खाली बसलं की, खोकला आला की, ओझं उचललं की अंग खाली सरकायचं. जुन्या लुगड्याची घडी लावून ती शेतात जात होती. कंबर दुखत होती हे खरं, पण तिला सांगायचं होतं ते हे. नातवाच्या तोंडून ते डॉक्टरांपर्यंत कधीच पोहोचलं नसतं.

मी तिच्या सुनेला बोलावून घेतलं. दोघी उदगीरला एका बाई डॉक्टरांकडे गेल्या, तपासणी झाली, पुढचे उपचार ठरले. अशा त्रासात तपासणी हाताने करावी लागते, ती व्हिडिओवर होणार नव्हतीच. पण व्हिडिओवर निदान एवढं तरी व्हायला हवं होतं की हिला प्रत्यक्ष तपासायला पाठवा. तेवढ्यासाठी लागत होती मराठी समजणारी एक डॉक्टर बाई, आणि खोलीबाहेर थांबलेला नातू. दोष ना त्या डॉक्टरांचा, ना त्या मुलाचा. जोडणी करतानाच चूक झाली होती.

बायकांच्या तक्रारींत हे सगळ्यात जास्त होतं. अंगावरून पांढरं जाणं, पाळीचा त्रास, लघवीची जळजळ, नवऱ्याचं पिणं आणि मारणं. घरातला मोबाईल बहुतेक वेळा मुलाचा किंवा नवऱ्याचा असतो, आणि परकी भाषा असली की दुभाषाही तोच होतो. मग बाई सांगते ती डोकेदुखी, कंबरदुखी, अशक्तपणा. आणि माझ्याकडे येतात त्या टॉनिकच्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या. प्रत्यक्ष दवाखान्यात निदान पडदा ओढायची सोय असते, नर्स असते, पुरुषांना बाहेर काढता येतं. व्हिडिओवर ही सोय कुणीतरी ठरवून करावी लागते. मराठी गावांतल्या सीएचओंना माझं एवढंच सांगणं आहे की बाई पेशंट असली तर घरच्या पुरुषाला आधी बाहेर बसवा.

आता मुद्द्याची गोष्ट. २०२० च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत डॉक्टर भारतातल्या कुठल्याही भागातल्या पेशंटला दूरस्थ सल्ला देऊ शकतो. म्हणजे कायद्याने टेलिमेडिसिनपुरती राज्याची हद्द उरलेलीच नाही. पण सरकारी ॲप उघडलं की पहिल्यांदा राज्य निवडावं लागतं, आणि मग त्या राज्याचे डॉक्टर समोर येतात. अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर उदगीरला मराठी बोलणारा सरकारी डॉक्टर आहे, पण ई-संजीवनीवर तो आमच्या आजीच्या वाट्याला येत नाही. तिच्या वाट्याला येतो तो कर्नाटकातला, जो कदाचित मंड्याचा असेल, हासनचा असेल. तो चांगला डॉक्टर असेल, पण ते दोघं एकमेकांशी बोलू शकत नाहीत. जी हद्द बसने ओलांडायला तिकीट सोडून काही लागत नाही, ती इंटरनेटवर ओलांडता येत नाही.

भाषेची सोय करता येत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. तिचं मध्यवर्ती केंद्र बेंगळुरूच्या निम्हान्समध्येच आहे. १४४१६ हा नंबर लावला की भाषा निवडता येते, वीस भाषांची सोय आहे, मराठी त्यात आहे. मन हलकं करायला आपली भाषा लागते हे ज्यांनी ओळखलं, त्यांना पोटदुखी सांगायलाही ती लागते हे ओळखायला जड जाऊ नये.

‘कर्नाटकात राहता, तर कानडी शिका,’ असं उत्तर मला मिळालेलं आहे, आणि मी ते मनावर घेतलेलं आहे. मी कानडी वाचते, औषध खात्याशी पत्रव्यवहार कानडीत करते, माझी मुलं शाळेत कानडी शिकली. पण सत्तरीच्या शेतमजूर बाईला आजार सांगण्यापुरतं का होईना कानडी शिका म्हणणं हे माणुसकीचं नाही. दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. परराज्यातल्या डॉक्टरांना इथल्या सरकारी दवाखान्यात कोणती औषधं आहेत, पेशंटला पुढे कुठे पाठवायचं हे ठाऊक नसतं. ते बरोबर आहे. पण इथली सीएचओ ते जाणते, आणि उदगीरचा डॉक्टर कमलनगरला बेंगळुरूच्या डॉक्टरापेक्षा जास्त ओळखतो.

शिवाय सुरुवात करायला परराज्यात जायचीही गरज नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मराठी बोलणारे डॉक्टर आहेत. बीदर जिल्ह्यातही आहेत. कर्नाटकाच्याच डॉक्टरांच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे कोणकोणत्या भाषा येतात हे लिहिलं आणि पेशंटला राज्याच्या जोडीने भाषा विचारली, तर निम्मं काम आजच होईल. औरादची बाई निपाणीच्या डॉक्टरशी बोलेल. कानडी, मराठी, तेलुगू, उर्दू या चारही भाषा आमच्या जिल्ह्यात रोजच्या आहेत, त्यामुळे ही सोय फक्त मराठीची नाही. तांड्यावरच्या लमाणी बोलणाऱ्या बाईचा प्रश्न तर त्या आजीपेक्षाही अवघड आहे.

सीमाप्रश्नाची मला भीती वाटते ती इथे. तो २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्यावर मला इथे काहीच म्हणायचं नाही. पण २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना आपल्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ द्यायचं जाहीर केलं, कर्नाटकाने हरकत घेतली, आणि आजारी माणसाच्या विम्याचं दोन सरकारांमधलं भांडण झालं. आमच्या गावातल्या लोकांनी ते टीव्हीवर बघितलं. भाषेप्रमाणे डॉक्टर मागितला की त्यालाही तोच रंग दिला जाईल. म्हणून मी ही मागणी मराठी माणसांपुरती ठेवत नाही. सांगलीचा जत तालुका, सोलापूरचा अक्कलकोट, दक्षिण सोलापूर इथे घरात कानडी बोलणारी कितीतरी गावं आहेत. तिथल्या म्हाताऱ्या बायकाही महाराष्ट्राच्या डॉक्टरसमोर नातवाच्या तोंडून बोलत असतील. त्यांना कानडी बोलणारा डॉक्टर मिळायला हवा, तो विजयपूर-कलबुर्गीचा असला तरी चालेल. ही देवाणघेवाण दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांनी मिळून करावी अशी आहे.

आणि जिथे भाषा आड येत नाही तिथे दूरस्थ उपचार किती मोठं काम करतात हेही कर्नाटकानेच दाखवून दिलं आहे. अभिनेते पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ ला हृदयविकाराने गेले. त्यांच्या नावाने २०२३ च्या नोव्हेंबरात ‘हृदय ज्योती’ योजना सुरू झाली. छातीत कळ घेऊन माणूस तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आला की तिथे ईसीजी काढतात, तो आलेख काही मिनिटांत जयदेव हृदयरोग संस्थेच्या जाळ्यातल्या तज्ज्ञांपुढे जातो, आणि झटका असेल तर गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेस हे इंजेक्शन तिथल्या तिथे मोफत देतात. बाजारात त्याची किंमत हजारोंच्या घरात आहे, आमच्यासारख्या गावातल्या दुकानात ते ठेवणं परवडत नाही. पहिल्या तासा-दोन तासांत ते मिळणं आणि माणसाला गाडीत घालून हैदराबादला नेणं यांत जीवाचा फरक पडतो. कलबुर्गीत जयदेवची ३७१ खाटांची नवी इमारत २०२४ च्या डिसेंबरात सुरू झाली, त्यामुळे पुढच्या उपचारांची सोयही आता आपल्या भागात आहे. आमच्याकडच्या लोकांना ही योजना अजून पुरेशी ठाऊक नाही. छातीत दुखलं तर आधी गॅसची गोळी मागायला माझ्याकडे येतात. मी गोळी न देता सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवते, आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगते की घाम फुटून छाती भरून आली असेल तर मेडिकलवर थांबू नका.

ईसीजीचा आलेख कुठल्याही भाषेच्या डॉक्टरला वाचता येतो. पण बहुतेक आजारांचा आलेख निघत नाही, ते माणसाने सांगावे लागतात. टॅबलेट उपकेंद्रांत पोहोचलेले आहेत, डॉक्टर बसलेले आहेत, सीएचओ नेमलेल्या आहेत. बीदरकडून कमलनगर, औराद, भालकी, बसवकल्याण, कलबुर्गीकडून आळंद, आणि पलीकडून अक्कलकोट आणि जत एवढे तालुके घेऊन दोन्ही सरकारांनी एक वर्ष भाषेप्रमाणे डॉक्टर जोडून बघावेत. पेशंटची नोंद करताना नाव, वय, गाव आणि त्याच्या खाली बोलायची भाषा.